हॅसॉक्स–छत्री–डिचलिंग बीकन गोल ट्रेक: बुकिंग झालंय? मग निघायच्या आधी हे वाचा

दर वीकेंडला व्हॉट्सॅपवर तेच तेच प्रश्न येतात आणि दर वीकेंडला ग्रुप त्याच एका जागी अडकतो, म्हणून हे लिहून ठेवतोय. ट्रेक काय असतो, सॅक कशी भरायची हे तुम्हाला सांगायची गरज नाही, आपल्याकडे येणारे बरेचसे राजगड-तोरणा करून आलेले असतात. आणि गंमत म्हणजे फसतात ते पण हेच लोक.

रूट सोपा आहे, इंग्लंडमध्ये ब्रायटन शहराच्या उत्तरेकडच्या टेकड्यांवरचा. हॅसॉक्स स्टेशनवर भेटायचं, क्लेटन गावातून वर जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्यांपाशी, तिथून दक्षिणेला उतरत छत्रीपर्यंत (पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांचं स्मारक), मग लोअर स्टँडीनच्या शेतांजवळून परत चढून डिचलिंग बीकनचा माथा, खाली डिचलिंग गाव आणि चालत परत हॅसॉक्स. सोळा-सतरा किलोमीटर, थांबे धरून सहा-सात तास.

आता मेन मुद्दा. क्लेटनवरून पवनचक्कीकडे जाणारा चढ उभा आहे, दम लागतो, आणि वर पोचलं की सगळ्यांना वाटतं झालं, किल्ला सर, आता फक्त उतरायचं. गडावर सकाळी चढायचं नि दुपारी उतरायचं हीच सवय ना आपली. मग तिथेच डबे उघडतात, पाणी संपतं, फोटो सेशन चालू. पण साउथ डाउन्सची, म्हणजे या टेकड्यांच्या रांगेची, रचना उलटी आहे, उत्तरेकडची बाजू कड्यासारखी तुटलेली आणि दक्षिणेकडची समुद्राच्या दिशेने लांबच लांब हळूहळू उतरत गेलेली. छत्री या उतरणीवर आहे, साधारण १५० मीटरवर, आणि बीकन २४८ मीटर. म्हणजे छत्रीला जाताना मजेत जे उतरलात ते सगळं परत चढायचंय, शिवाय मधली दरी वेगळी. शंभर मीटरचा चढ ऐकून हसू येईल, पण तो येतो जेवणानंतर, झाडाची सावली नाही, तोंडावर वारा, आणि बाटली रिकामी.

मग काय होतं, छत्रीपाशी उभं राहिलं की खाली ब्रायटनची घरं आणि मागे समुद्र दिसतो, एकदम हाताशी असल्यासारखा. कोणीतरी म्हणतं "अरे इथूनच उतरू, बसने जाऊ." दोघं-तिघं उतरतात पण. खाली पॅचमच्या बाजूला ए-२७ चा हायवे ओलांडून पुढे बस शोधायची, ब्रायटन स्टेशन गाठायचं, तिथून ट्रेनने हॅसॉक्सला, कारण गाडी तिकडे लावलेली असते. आणि बाकीचा ग्रुप टेकडीवर थांबून फोन लावतोय. एक तास कुठेच गेला नाही. गोल ट्रेकमध्ये मधूनच परत फिरून फायदा नसतो, छत्री म्हणजे जवळपास मध्यच, मागे गेलात तरी तेवढंच चालणं.

म्हणून आमचा नियम आहे की पवनचक्कीपाशी फक्त पंधरा मिनिटं आणि अर्धं पाणी छत्रीपर्यंत शिल्लक. काहींना हे शाळेसारखं वाटतं, वाटू दे. माणशी दोन लिटर आणाच, कारण वर पाणी मिळत नाही. हा सगळा खडूचा दगड, पाऊस पडला की आत झिरपतो आणि पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येतो, म्हणून तर क्लेटन, डिचलिंग ही गावं खाली वसली. वर दिसणारी गोल तळी मेंढ्यांसाठी माती थापून केलेली आहेत, ती बघून "रिफिल करू का" असं प्लीज विचारू नका.

दुसरा प्रश्न, "बीकनच्या कार पार्कला थेट गाडी नेऊन तिथून का नाही सुरू करत?" करता येतं, पण मग शेवटचा चढ हाच शेवट होतो आणि क्लेटन सुटतं. क्लेटनच्या छोट्या चर्चमध्ये बाराव्या शतकाच्या सुमाराची भिंतीवरची चित्रं आहेत, आणि रेल्वे बोगद्याचं तोंड चक्क किल्ल्याच्या दरवाजासारखं, बुरूज वगैरे, मधोमध घर. लंडनहून ब्रायटनला जाताना तुम्ही या टेकडीच्या पोटातून गेलेले असता, १८६१ मध्ये इथे मोठा अपघात झाला होता, २३ माणसं गेली. जिल ही पांढरी लाकडी पवनचक्की मुळात ब्रायटनची, १८५२ मध्ये बैल-घोडे लावून इथे ओढून आणली. उन्हाळ्यात रविवारी दुपारी बहुतेक उघडी असते, पण आपण सकाळी पोचतो, त्यामुळे आतून बघायची असेल तर वेगळं या.

छत्रीबद्दल. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांसाठी ब्रायटनचा राजवाडा हॉस्पिटल केला होता, ब्रायटनच्या हॉस्पिटलांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन या टेकडीवर झालं, अस्थी समुद्रात सोडल्या. संगमरवरी छत्रीचा आराखडा मुंबईच्या हेन्रिक्स नावाच्या आर्किटेक्टचा, अनावरण १ फेब्रुवारी १९२१ ला. पायऱ्यांखाली ग्रॅनाइटच्या शिळा दिसतील, त्यांच्याखाली चितांच्या जागा आहेत. त्यांच्यावर बसून थेपले खाणारे पाहिलेत, म्हणून तिथे जेवण नाही, थोडं पुढे कुंपणाबाहेर गवतावर थांबतो. यावर वाद घालू नका.

शूज: ओला खडू साबणासारखा सटकतो, बीकनवरून डिचलिंगला उतरताना जास्तच. जिमचे रनिंग शूज चालणार नाहीत, तळाला खोल नक्षी असलेले घाला. काठ्या आमच्याकडे भाड्याने मिळतात, आदल्या दिवशी मेसेज करा. गेट उघडलंत तर बंद करा, मेंढ्या मोकळ्या असतात.

भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांना या पूर्ण फेरीला आणू नका, त्यांच्यासाठी पवनचक्क्या आणि क्लेटनची अर्ध्या दिवसाची छोटी फेरी करतो, तुमच्या तारखेला, फक्त तुमच्याच घरच्यांची. मोठ्या फेरीला दोन लीडर असतात, एक पुढे एक शेवटी, म्हणून फी इतरांपेक्षा थोडी जास्त आहे आणि कोणी मागे राहत नाही. ऑक्टोबरनंतर ही फेरी बंद, दिवस पुरत नाही. घरी जाताना गाडीत पायाखाली जुना पेपर टाका, हा पांढरा चिखल वाळला की मॅटमधून निघत नाही.