मोनाकोतील करमुक्त वास्तव्य आणि ‘निवास हलवणे’ या शब्दांचा घोळ

1861 मध्ये मांतों आणि रोकब्रून ही गावे 40 लाख फ्रँकच्या मोबदल्यात फ्रान्सकडे गेली आणि मोनाको संस्थानाचा बहुतेक मुलूख, त्याबरोबर उत्पन्नही, हातचे गेले. ती तूट पुढे कॅसिनोने भरून काढली. 1868 मध्ये रेल्वे पोहोचली आणि 1869 मध्ये प्रत्यक्ष कर रद्द झाले. परदेशी धनिकांच्या करमुक्त वास्तव्याचे मूळ येथे असले, तरी त्याचे आजचे नियम ठरले ते 1962-63 च्या वादात.

एका प्रसारण कंपनीच्या शेअरवरून वाद पेटला, पण फ्रान्सची खरी तक्रार फ्रेंच नागरिक आणि कंपन्या कर चुकवण्यासाठी संस्थानात जातात ही होती. ऑक्टोबर 1962 मध्ये फ्रान्सने सीमेवर जकात तपासणी सुरू केली. 18 मे 1963 रोजी करार झाला. त्यानुसार ज्या कंपन्यांची एक चतुर्थांशाहून अधिक उलाढाल संस्थानाबाहेर होते, त्यांच्या नफ्यावर कर आला. व्यक्तींसाठीचे सातवे कलम मात्र अधिक कठोर होते. जे फ्रेंच नागरिक आपला निवास मोनाकोत ‘हलवतील’, किंवा 13 ऑक्टोबर 1962 रोजी तेथील पाच वर्षांचा नित्य निवास सिद्ध करू शकणार नाहीत, त्यांनी फ्रान्समध्ये राहत असल्याप्रमाणेच फ्रान्सला प्राप्तिकर द्यावा, असे त्यात ठरले.

पुढची अर्धशतकाची गुंतागुंत या एका वाक्यातून निघाली. जो मोनाकोतच जन्मला आणि जन्मभर तेथेच राहिला, त्याने निवास हलवला कोठून? आणि 1962 नंतर जन्मलेल्याने त्या तारखेपूर्वीची पाच वर्षे आणायची कोठून? फ्रेंच करखात्याने मात्र वाक्याचा दुसरा भाग स्वतंत्र अट म्हणून वाचला आणि तेथे जन्मलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांनाही कर लावला. शेजारच्या घरातील इटालियन किंवा ब्रिटिश माणसाला ज्या उत्पन्नावर काहीच द्यावे लागत नव्हते, त्याच उत्पन्नावर या सामान्य नोकरदारांना कर भरावा लागला. हे कलम करचुकव्यांसाठी होते आणि त्याचा भार स्थानिकांवर पडला, हा अन्याय होता असे म्हणावेच लागते. अखेर 11 एप्रिल 2014 रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निर्णय दिला की, जन्मापासून सलग मोनाकोत राहिलेल्यांनी निवास हलवलेलाच नसल्यामुळे त्यांना हे कलम लागू होत नाही. बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्या फ्रेंचांना ते आजही लागू आहे.

अन्य देशीयांना निवासपत्र मिळवताना घर, निर्वाहाची ऐपत आणि स्वच्छ चारित्र्य दाखवावे लागते. ते पत्र आधी एक वर्षाचे, मग तीन आणि पुढे दहा वर्षांचे मिळते. ‘करमुक्त’ हा शब्दही जपूनच वापरावा, कारण मूल्यवर्धित कर फ्रान्सच्याच दराने, म्हणजे सर्वसाधारणपणे 20 टक्के, भरावा लागतो. अमेरिकी नागरिक कोठेही राहिला, तरी त्याचा देश त्याला करातून सोडत नाही. युरोपीय देशांशी बँक खात्यांच्या माहितीची देवाणघेवाण 2018 पासून आपोआप होते आणि जून 2024 मध्ये मोनाकोचे नाव काळा पैसा रोखण्यात कमी पडल्यामुळे वाढीव देखरेखीखाली ठेवलेल्या देशांच्या ‘करड्या यादी’त गेले.

भारताने मोनाकोशी करविषयक माहितीचा करार 2012 मध्येच केला. 2020 च्या कायद्यानुसार, भारतातून 15 लाख रुपयांहून अधिक उत्पन्न असलेला भारतीय नागरिक निवासामुळे अन्य कोणत्याही देशात करपात्र नसेल, तर त्याला भारताचाच निवासी मानले जाते. त्याच्या परदेशी उत्पन्नापैकी मात्र भारतातून नियंत्रित होणाऱ्या व्यवसायाचेच उत्पन्न या कराच्या कक्षेत येते.