कोर्ट मार्शल

सैन्यदलातील व्यक्तीवर सैनिकी कायद्याखाली खटला चालवणारे न्यायालय. ते कायमचे नसते. खटल्यापुरते भरते आणि निकालानंतर मोडते.

मराठवाड्याला त्याची ओळख झाली ती फार क्रूर रूपात. जून १८५७ मध्ये औरंगाबाद छावणीतील हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेच्या, घोडदळाने बंड केले. जनरल वुडबर्नची फौज पुण्याच्या बाजूने येऊन थडकली, उभ्या उभ्या लष्करी न्यायालय बसले आणि शिक्षाही लगोलग अमलात आल्या. क्रांती चौकातील काळा चबुतरा हे त्या शिक्षांचे ठिकाण मानतात. तेथे बचावाला वाव किती होता, हे वेगळे सांगायला नको.

आजचा आधार आहे सेना अधिनियम, १९५०. त्यात जनरल, डिस्ट्रिक्ट, समरी (म्हणजे संक्षिप्त) जनरल आणि समरी असे चार प्रकार आहेत. जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी लागतात. सोबत कायदा सांगायला जज ॲडव्होकेट असतो, पण त्याला मत नसते. मते समसमान पडली तर फायदा आरोपीला, आणि मृत्युदंडाला दोन तृतीयांश बहुमत लागते. मत सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून घेतात. साहेबांनी आधी तोंड उघडले तर कॅप्टन वेगळे काय बोलणार! शिवाय वरिष्ठांच्या शिक्कामोर्तबाशिवाय हा निकाल वैध ठरत नाही.

खरा वादाचा प्रकार समरी. येथे कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश. आणखी दोघे हजर असतात, पण त्यांना शपथ नसते. लेफ्टनंट कर्नल वा त्यावरील दर्जाचा अधिकारी जवानाला एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, नोकरीवरून काढूही शकतो. या निकालाला शिक्कामोर्तब लागत नाही. ज्याच्या हुकमतीखाली पलटण चालते, त्यानेच निवाडा करावा, ही शिस्तीची सोय आहे. तिला न्याय म्हणणे जड जाते.

सर्वसाधारण फौजदारी कायद्याशी याची गाठ सेना अधिनियमाच्या कलम ६९ व ७० मध्ये पडते. लातूर किंवा बीडकडच्या गावी रजेवर आलेल्या जवानाच्या हातून गावकऱ्याचा खून झाला, तर एरवी तो खटला सत्र न्यायालयातच चालतो. मुलकी माणसाचा खून, सदोष मनुष्यवध आणि बलात्कार हे गुन्हे कोर्ट मार्शलच्या कक्षेबाहेर आहेत. अपवाद प्रत्यक्ष युद्धसेवा, परदेश आणि सरकारने ठरवलेली सीमा चौकी एवढेच. चोरी-मारामारीसारख्या गुन्ह्यांत मात्र दोन्ही न्यायालयांना अधिकार असल्यास खटला कुठे चालवायचा, हे कलम १२५ नुसार लष्करी अधिकारी ठरवतो.

अपिलाची उणीव सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये पृथीपाल सिंग बेदी खटल्यात बोलून दाखवली. अशी अपिले ऐकणाऱ्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा यायला २००७ उजाडले. मराठवाड्यातील जवानाला त्यासाठी मुंबईचे पीठ गाठावे लागते. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, हेही २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.