सॅक घेताना: अंगाची उंची आणि पाठीची लांबी

साताऱ्याकडच्या भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला स्वतःची उंची किती आणि छाती फुगवून किती भरते, हे सेंटिमीटरपर्यंत तोंडपाठ असतं. पाठीची लांबी विचारली तर मात्र तो गप्प होतो, कारण ती कधी कुणी मोजलेलीच नसते. मुक्कामाच्या ट्रेकसाठी मोठी सॅक घेताना नेमकं हेच माप लागतं. दुकानात विचारतात, "उंची किती? कितीची पाहिजे, पन्नास लिटर की साठ?" पाच फूट नऊ इंच म्हटलं की लार्ज हातात येते, आणि केंजळगडाच्या चढावर तासाभरात खांदे भरून येतात. सॅक चांगली असते, ओझंही बेताचं असतं. चुकलेलं असतं ते माप.

उंची टाचेपासून टाळूपर्यंत मोजतात. त्यात पाय आले, धड आलं, मान आणि डोकंही आलं. सॅक मात्र बसते ती मानेच्या बुडाशी असलेल्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या काठापर्यंतच्या भागावर. पायांची लांबी तिच्या कामाचीच नाही. १७० सेंटिमीटर उंचीच्या दोघांपैकी एकाची पाठ ४३ सेंटिमीटर भरू शकते आणि दुसऱ्याची ४९. पहिल्याला स्मॉल लागेल, दुसऱ्याला मीडियम, तीही पुरेशी मोकळी. उलट, १६० सेंटिमीटरच्या बाईची पाठ कधीकधी १७५ च्या लांबटांग्या पुरुषाएवढी निघते. दोन उंच-ठेंगणे मित्र एकाच बाकावर ताठ बसवून पाहा. उभं असताना दिसणारा फरक बसल्यावर बराचसा विरघळला, तर तो फरक पायांचा होता आणि दोघांना एकाच मापाची सॅक चालण्याची शक्यता मोठी.

एवढ्या चार-पाच सेंटिमीटरनं काय बिघडतं? मोठ्या सॅकच्या पाठीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा तारेची चौकट असते. आतल्या सामानाचं वजन त्या चौकटीतून खाली कमरेच्या पट्ट्यावर उतरतं. सॅक नीट बसली की ओझ्याचा ढोबळमानानं ७० ते ८० टक्के भाग कमरेवर असतो. खांद्याच्या पट्ट्यांचं मुख्य काम सॅक पाठीला धरून ठेवण्याचं, उचलण्याचं नाही. हे जमण्यासाठी कमरेचा पट्टा आणि खांद्याचे पट्टे जिथून निघतात ती जागा, यांतलं अंतर तुमच्या पाठीइतकं हवं. ते चुकलं की कमरेवरचं ओझं पुन्हा खांद्यांवर चढतं.

मोजायला दुसरा माणूस लागतोच. शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्या, लोखंडी टेप पाठीच्या बाकानुसार वळत नाही. टेप नसेल तर सुतळी धरा आणि मग ती पट्टीवर मोजा. अंगात पातळ टी-शर्ट असू द्या. हनुवटी छातीकडे न्या, म्हणजे मानेच्या बुडाशी एक मणका ठळक वर येतो. तो मानेचा सातवा मणका. काही जणांना तिथे दोन उंचवटे लागतात. अशा वेळी दोन्हींवर एकेक बोट ठेवून मान हळूच मागे न्यायची. वरचा उंचवटा बोटाखालून आत सरकतो, सातवा जागेवर राहतो. त्यावर टिकली चिकटवून ठेवली की पुढे गोंधळ होत नाही.

आता खालचं टोक. दोन्ही हात कमरेवर ठेवा, बोटं पुढे आणि अंगठे मागे. हात थोडे खाली दाबले की बाजूला हाडाचा कडक काठ लागतो. त्या काठावर हात टेकलेले असताना दोन्ही अंगठे मागे पाठीच्या कण्याकडे वळवा. अंगठ्यांना जोडणारी आडवी रेषा कण्याला जिथे छेदते, तिथे माप संपतं. मान सरळ करा, ताठ उभे राहा, मगच टेप लावा. मान खाली किंवा पाठ वाकलेली असताना घेतलेलं माप फुगीर येतं. मदतनीसाने टेप कण्याला टेकवत खाली आणायची, मध्ये ताणून अधांतरी धरायची नाही. तीनदा मोजा आणि जुळणारा आकडा धरा.

सगळ्यांत जास्त चूक होते ती खालच्या टोकाला. जीन्स आणि ट्रॅक पँट हल्ली त्या हाडाच्या बऱ्याच खाली बसतात. मदत करणारा पँटच्या पट्ट्यापर्यंत मोजतो आणि माप सहज पाच-सहा सेंटिमीटरनं वाढतं. म्हणजे अख्खी एक साइज. म्हणून घरचा आकडा ५२ किंवा ५३ आला तर दुकानात जाण्याआधी हाडाचा काठ पुन्हा चाचपून बघा.

साधारण विभागणी अशी: ३९ सेंटिमीटरपर्यंत एक्स्ट्रा स्मॉल, ४० ते ४४ स्मॉल, ४५ ते ४९ मीडियम, ५० पासून पुढे लार्ज. प्रत्येक कंपनीचा तक्ता यापासून दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे असतो, म्हणून अक्षरापेक्षा सेंटिमीटर वाचावेत. तुमचं माप दोन साइजच्या सीमेवर येत असेल तर मागची पाठ वर-खाली सरकवता येणारी सॅक घ्या, आणि तुमचा आकडा तिच्या पल्ल्याच्या मधोमध पडेल अशी निवडा. पल्ल्याच्या टोकाला बसणारी सॅक थंडीत जाड जॅकेट चढवल्यावर कमी पडते.

लिटरचा या सगळ्याशी संबंध नाही. लिटर म्हणजे सॅकमध्ये किती सामान मावतं ते. साठ लिटरची एकच सॅक स्मॉलमध्येही मिळते आणि लार्जमध्येही, आतल्या जागेत थोड्याच लिटरचा फरक. "मी उंच आहे, मला सत्तरची दे" या वाक्यात दोन्ही मापांची सरमिसळ झालेली असते. वासोट्यावर रात्री राहता येत नाही, बामणोलीहून बोटीनं जाऊन त्याच दिवशी परतायचं असतं. अशा ट्रेकला २५-३० लिटरची साधी पाठपिशवी पुरते, आणि पाच-सहा किलोच्या ओझ्याला पाठीच्या मापाची एवढी काटेकोर काळजी करण्याची गरज नाही. रायरेश्वर, केंजळगड, कमळगड असा मुक्कामी बेत असेल, पाठीवर तंबू, शिधा आणि पाणी असेल, तर काळजी घ्यायलाच हवी.

चुकीचं माप ओळखायचं कसं? सॅक भरून, कमरेचा पट्टा हाडाच्या काठावर आवळून आरशाला बाजू करून उभे राहा. फोटो काढून घेतला तर आणखी बरं. सॅक लांब असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या मागे पाठीला टेकत नाहीत, मध्ये पोकळी राहते. पट्टे आवळले तरी सॅक मागे झुलते. अशी सॅक शिडीवरही त्रास देते. रायरेश्वरच्या लोखंडी शिडीवर वर बघायला मान मागे टाकली की सॅकचं डोकं कवटीला आपटतं. सॅक आखूड असेल तर उलट घडतं. खांद्याचे पट्टे खांद्यावरून मागे फार खाली उतरतात आणि तिथून खाली ओढत राहतात. कमरेचा पट्टा हळूहळू पोटावर चढतो, श्वास लागतो, आणि मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दुखायला लागतात. नीट बसलेल्या सॅकमध्ये पट्टे खांद्याच्या माथ्यावरून वळून मागे अडीच ते पाच सेंटिमीटर खाली सॅकला जुळतात आणि सगळीकडे अंगाला टेकलेले असतात.

दुसरी खूण खांद्याच्या पट्ट्यावरून सॅकच्या वरच्या कडेला जाणाऱ्या छोट्या पट्ट्याची. त्याला लोड लिफ्टर म्हणतात. तो खांद्यापासून वर, साधारण ४५ अंशांत जायला हवा. ३० ते ६० चालतं. आडवा किंवा खाली झुकलेला असेल तर चौकटच तुमच्यासाठी आखूड आहे. इथे एक बारकावा विक्रेतेही विसरतात. पाठ सरकवता येणाऱ्या सॅकमध्ये खांद्याचे पट्टे वर-खाली होतात, चौकटीचं टोक मात्र होतं तिथेच राहतं. त्यामुळे लांब पाठीच्या माणसानं पट्टे कितीही वर सरकवले तरी लोड लिफ्टर आडवाच राहू शकतो. त्याला मोठ्या चौकटीची सॅकच घ्यावी लागते.

ऑनलाइन शोधताना झाडीच्या रंगाच्या हंटिंग पॅकही समोर येतात, आणि मजबूत दिसतात म्हणून ट्रेकसाठी घेतल्या जातात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि शिकारीला बंदी आहे. अमेरिकेत या पॅक एल्क नावाच्या मोठ्या हरणासारख्या जनावराचं मांस डोंगरातून पाठीवर आणायला वापरतात, तेही एका खेपेला तीस-चाळीस किलो. म्हणून त्यांची चौकट मुद्दाम उंच असते. वर्णनात २४ किंवा २६ इंच असा आकडा असतो, तो चौकटीच्या उंचीचा. २४ इंच म्हणजे ६१ सेंटिमीटर, एवढी पाठ सहसा कुणाची नसते. लोड लिफ्टरला वर ओढायला जागा मिळावी म्हणून चौकट खांद्याच्या वर काढलेली असते. तो आकडा आपल्या पाठीच्या मापाशी जुळवायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही. त्या पॅकची पाठीच्या लांबीची मर्यादा वेगळी शोधा.

कमरेच्या पट्ट्याचा घेर हे आणखी एक स्वतंत्र माप आहे. तो हाडाच्या काठावरून गोल मोजायचा, पँटच्या साइजवरून ठरवायचा नाही. पट्टा आवळल्यावर दोन्ही बाजूंच्या गाद्या पुढे एकमेकींना टेकल्या तर पट्टा मोठा झाला, आणखी आवळायला जागाच उरत नाही. बायकांसाठी बनवलेल्या सॅकमध्ये पाठीचा पल्ला आखूड असतो, खांद्याचे पट्टे जवळ आणि वळणदार असतात, कमरेचा पट्टा तिरका शिवलेला असतो. लहान पाठीच्या, अरुंद खांद्याच्या मुलांना त्या बेधडक बसतात आणि घ्यायला कसलाच संकोच नको.

रिकामी सॅक घालून बघू नका, रिकामी सगळ्यांनाच बसते. दुकानात वजनाच्या उशा नसतील तर दोन लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या बरोबर न्या, आठ किलो झाले. बाटल्या चादरीत गुंडाळून सॅकच्या मधल्या भागात, पाठीला चिकटून ठेवा. मग सगळे पट्टे सैल करून सॅक चढवा. आधी कमरेचा पट्टा, त्याच्या रुंदीचा मध्य हाडाच्या काठावर. मग खांद्याचे पट्टे, फक्त टेकतील इतपत. मग लोड लिफ्टर हलकासा ताण येईपर्यंत, आणि शेवटी छातीचा पट्टा, गळ्याच्या हाडाखाली दोन-तीन सेंटिमीटरवर. क्रम उलटा झाला, आधी खांदे आवळले, तर बरोबर मापाची सॅकही चुकीची वाटते. पंधरा-वीस मिनिटं तशीच घालून दुकानाच्या पायऱ्या चढा-उतरा. बदलून देण्याची मुदत असेल तर त्या मुदतीत अजिंक्यताऱ्याची पायवाट पूर्ण ओझ्यासह एकदा चढा, पण सॅकची लेबलं काढू नका आणि ती जमिनीवर ठेवू नका.

पाठ वेल्क्रोवर सरकणारी सॅक घेतली असेल तर बसलेल्या मापावर दोन्ही बाजूंना मार्करनं रेघ मारून ठेवा. पावसात चिखल आणि पावसाळा संपल्यावर गवताची कुसळं वेल्क्रोत अडकून पकड कमी होते, आणि भरलेली सॅक चालता चालता दोन-तीन सेंटिमीटर घसरते. रेघ सरकलेली दिसली की वेल्क्रो जुन्या टूथब्रशनं कोरडा साफ करा आणि पुन्हा खुणेवर बसवा.