कूलंट सारखं कमी होतंय? आधी गळती शोधू, मग पार्ट बदलू

जुन्या गाड्या वापरणाऱ्या आमच्या इंदूरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"आठवड्याला लोटाभर पाणी टाकलं की गाडी मस्त चालते." एट हंड्रेड, ओम्नी, जुनी सँट्रो, इंडिका, क्वालिस, गाडी कुठलीही असो, हे वाक्य आमच्या काउंटरवर ठरलेलं आहे. गाडी चालते हे खरं. पण कूलंट ही खर्च होणारी वस्तू नाही. ते एका बंद यंत्रणेत फिरत असतं. इंजिन गरम-थंड होताना बोनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये वर-खाली होते, तेवढंच चालतं. पातळी पुन्हा पुन्हा खालच्या खुणेच्याही खाली जात असेल, तर कूलंट एक तर बाहेर पडतंय किंवा इंजिनात जळतंय. वरून पाणी टाकत राहिलात की गळती तशीच राहते आणि कूलंट मात्र पातळ होत जातं. मग गंज धरतो. बोअरिंगचं पाणी असेल तर रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थरही बसतो. अगदी अडलंच तर नळाच्या पाण्याऐवजी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर टाका. ते कुठल्याही पेट्रोल पंपाजवळ मिळतं.

कुठे गळतंय याआधी आम्ही विचारतो, कधी गळतं? निम्मं निदान या एका उत्तरात होतं आणि ते उत्तर फक्त तुम्हीच देऊ शकता.

जानेवारीच्या गारठ्यात सकाळी गाडीखाली थेंब दिसतात आणि इंजिन गरम झालं की बंद होतात, अशी तक्रार असेल तर पहिला संशय होज पाइपच्या टोकांवर. जुनं रबर कडक झालेलं असतं. थंडीत ते आकसतं आणि क्लिप ढिली पडते. गरम झालं की रबर फुगतं आणि गळती आपोआप थांबते. पाइप दाबून बघितला तर बोटांना कळतं: चांगला पाइप लवचिक लागतो, गेलेला एक तर लाकडासारखा कडक किंवा नको इतका मऊ. टोकाशी बारीक भेगा असतात. नुसती क्लिप आवळून काही दिवस निघतात, पण भेगा पडलेला पाइप बदलावाच लागतो.

उलट, घरी उभी असताना जमीन कोरडी आणि लांब फिरून आल्यावर बाटली रिकामी, असं असेल तर गळती दाबाखाली होते आहे. थेंब गरम इंजिनावर पडून जागीच वाळतो, म्हणून जमिनीवर काहीच दिसत नाही. मागे राहतो तो वाळलेला डाग, कूलंटच्या रंगाप्रमाणे हिरवट, गुलाबी किंवा पांढरट खरपुडी. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवलेली असते, त्या शिवणीवर टॉर्च मारून बघा. जुन्या पितळी रेडिएटरमध्ये हाच डाग डागकामाच्या जोडावर सापडतो.

इंजिन बंद केल्यावर बाटलीत गुडगुड होऊन पाणी उतू जातं का? मग झाकण बघा. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी, ठरलेला दाब धरून ठेवायचा आणि त्यापुढचा सोडून द्यायचा. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तोच हा दाब. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, त्यामुळे इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाने ०.९ दाब धरला की तेच पाणी ११५ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की ही सगळी सवलत संपली. झाकणात दुसरा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन थंड होताना तो बाटलीतलं पाणी परत आत ओढून घेतो. तो अडकला की सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. हा सगळ्यात स्वस्त पार्ट, म्हणून तपासणी आम्ही त्याच्यापासूनच सुरू करतो. बदलताना मात्र जुन्यावर असेल त्याच आकड्याचं झाकण घ्या. जास्त दाबाचं बसवलंत तर जुने पाइप आणि रेडिएटरचे जोड उघडतात.

वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी टपकतं, ते सांगण्यासाठीच ते भोक आहे. आमच्याकडे हे भोक एम-सीलने बुजवलेल्या गाड्याही येतात! मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप जाम होतो. पंप टायमिंग बेल्टवर चालणारा असेल तर बेल्टही जातो आणि खर्च थेट इंजिनावर जातो.

हीटर असलेल्या गाडीत डाव्या पायाखालची चटई ओली, आत गोडसर वास आणि काचेवर तेलकट वाफ, ही हीटरच्या कॉइलची गळती. एसीचं पाणी वेगळं. उन्हाळ्यात गाडीखाली पडतं ते स्वच्छ, बिनवासाचं, बोटांना न चिकटणारं पाणी एसीचं असतं, त्यासाठी धावत येऊ नका. कूलंट बुळबुळीत लागतं. चव घेऊन मात्र बघू नका, ते विषारी आहे. त्याच्या गोडसर चवीमुळे गल्लीतली कुत्री ते चाटतात आणि थोड्याशानेही मरतात. सांडलेलं भरपूर पाण्याने धुऊन काढा.

बाहेर कुठेच डाग नाही, तरी कूलंट जातंय. आता हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचा विचार करावा लागतो. सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली पांढुरका फेस, थंड इंजिन सुरू करताच दोन-तीन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा टणक. यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणून घाबरू नका. हिवाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ओलाव्यानेही झाकणाखाली फेस येतो. आम्ही रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी लावतो. इंजिनातला जळका वायू पाण्यात येत असेल तर निळा रंग पिवळा, डिझेल गाडीत हिरवट होतो. ही चाचणी केल्याशिवाय हेड उघडायला कोणालाही हो म्हणू नका, आम्हालासुद्धा.

बाकीची गळती शोधायला आमच्याकडे हातपंप आहे. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी तो लावून झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब भरायचा आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला तर गळती आहेच, आणि बहुतेक वेळा ती डोळ्यांसमोर टपकते.

दोन गावठी इलाजांबद्दल. रेडिएटरमध्ये हळद टाकणं हा ट्रकवाल्यांचा जुना उपाय. भर रस्त्यात अडकलात तर बारीक भोक तात्पुरतं बुजतं, हे आम्ही नाकारत नाही. पण तीच हळद पुढे बारीक नळ्यांत बसते, म्हणून घरी पोचल्यावर रेडिएटर धुऊन घ्या. आणि गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणं तर साफ चूक. त्याने गळती थांबत नाही. इंजिन थंडच राहतं आणि ॲव्हरेज पडतं.

आता घाटाचं. इंदूर माळव्याच्या पठारावर, त्यामुळे आपल्या गाड्यांची परीक्षा परतीच्या वाटेवर होते. ओंकारेश्वरहून येताना भेरूघाट चढायचा. पुण्या-नाशिकहून धुळ्यामार्गे येताना आधी सेंधव्याचा बिजासन घाट, मग मानपूरचा. गाडी भरलेली, एसी चालू, मे महिन्याची दुपार. काटा वर सरकायला लागला की एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा, जागा मिळताच बाजूला थांबा. काटा वर जाऊन अचानक खाली पडला तर हायसं वाटून घेऊ नका. पाणी इतकं उतरलेलं असतं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगतो. निदान पाऊण तास झाकणाला हात लावू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, हेड वाकतं.

गाडी दाखवायला आणायची असेल तर आदल्या संध्याकाळी आणून रात्रभर ठेवून जा, म्हणजे सकाळी थंड इंजिनावर चाचणी होते. गाडी घरी असेल तोवर रात्री खाली जुना पुठ्ठा पसरा, पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनाने खुणवा आणि तो पुठ्ठा सोबत आणा. येण्याआधी बोनेट धुऊन घेऊ नका, डाग निघून जातात. बाटलीच रिकामी असेल तर गाडी चालवत आणू नका, फोन करा, आमचा माणूस येईल.