चाकांवरच्या घरात पाणी शिरते कुठून?

अमेरिकेत आणि कॅनडात मोटारीच्या मागे जोडून ओढत नेण्याचे जे छोटेखानी घर असते, त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणीघर आणि संडास हे सारे पाच ते दहा मीटर लांबीच्या एका डब्यात बसवलेले असते. तिथे बनणारे बहुतांश ट्रेलर इंडियाना राज्यातील एल्कहार्ट आणि आसपासच्या कारखान्यांतून बाहेर पडतात. असा ट्रेलर भंगारात निघतो तो चाके किंवा आस झिजल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा आत मुरलेल्या पाण्यानेच त्याचा शेवट केलेला असतो. हे पाणी एखाद्या अपघाताने शिरत नाही. वेगवेगळ्या पदार्थांचे तुकडे एकत्र जोडून, त्यांना शेकडो ठिकाणी भोके पाडून आणि मग ते सगळे खडबडीत रस्त्यावरून ताशी १०० किलोमीटर वेगाने पळवून जी वस्तू तयार होते, तिचे सांधे आज ना उद्या उघडणारच. म्हणूनच गळती शोधण्याचे काम म्हणजे मुख्यतः सांध्यांचा अभ्यास असतो.

या ट्रेलरच्या भिंती साधारणपणे दोन प्रकारच्या असतात. जुन्या पद्धतीत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा उभारून, त्यात काचतंतूंची लोकर भरून, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचे पन्हाळीदार पत्रे ठोकतात. नव्या पद्धतीत अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, फोम, पातळ प्लायवूड आणि फायबरग्लासचा गुळगुळीत पत्रा हे थर दाबाखाली चिकटवून एकसंध भिंत तयार होते. छत बहुतेक वेळा लाकडी फळ्यांवर चिकटवलेल्या, जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या रबरी चादरीचे असते. ही चादर ईपीडीएम किंवा टीपीओ या बहुवारिकांची (पॉलिमरची) असते. चादर स्वतः सहसा गळत नाही. गळते ते तिला पाडलेल्या भोकांपाशी, म्हणजे हवेची झडप, न्हाणीवरची पारदर्शक घुमटी, सांडपाण्याच्या नळीचे तोंड, गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचे धुराडे, शिडीचे स्क्रू आणि कडेचे इवलेसे सूचक दिवे यांच्याभोवती. १९६८ साली कॅनडातील विनिपेगमध्ये जन्मलेल्या बोलर या अंडाकृती ट्रेलरचे कवच मात्र फायबरग्लासच्या दोनच अर्ध्या भागांचे होते, त्यामुळे त्याला मोठा सांधा एकच. तरीही खिडक्या आणि झडप त्यालाही असतातच, आणि त्यांच्या कडांनी पाणी तिथेही शिरते.

सांधे उघडण्याचे पहिले कारण उष्णता. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात दुपारचे ऊन आणि पहाटेचा गारवा यांत ट्रेलरच्या पत्र्याचे तापमान ५० अंश सेल्सिअसने सहज बदलते. तेवढ्या बदलात साडेसात मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सुमारे साडेआठ मिलिमीटरने लांब होते, तर तेवढ्याच लांबीचे लाकूड रेषांच्या दिशेने जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच वाढते. एकमेकांना स्क्रूने आवळलेले हे दोन पदार्थ रोज सकाळ-संध्याकाळ असे वेगवेगळे सरकत राहिले, की स्क्रूची भोके लंबवर्तुळाकार होतात आणि त्यांच्यामधला भरावा, म्हणजे फट बुजवणारे सीलंट, एका बाजूने सुटतो. उन्हातले अतिनील किरण त्याच वेळी भराव्यातील बहुवारिकाच्या साखळ्या तोडत असतात, म्हणून तो कडक होऊन तडकतो. ऊन सांधे फोडते आणि पाऊस आत शिरतो, अशी ही कामाची वाटणी आहे. म्हणूनच अ‍ॅरिझोनात वर्षानुवर्षे कोरडा ठणठणीत राहिलेला ट्रेलर ओरेगॉनच्या झडीत गेला, की पहिल्याच हिवाळ्यात गळू लागण्याची शक्यता असते.

फट दिसत नाही म्हणजे पाणी जात नाही, असे समजणे चुकीचे ठरते. ०.१ मिलिमीटर रुंदीच्या दोन स्वच्छ, ओल्या होणाऱ्या पृष्ठभागांमधल्या फटीत केशाकर्षणामुळे पाणी सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंत चढू शकते. त्यामुळे खिडकीच्या चौकटीखालची फटदेखील निर्धोक नसते. दुसरी गोष्ट वाऱ्याच्या दाबाची. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना पुढच्या भिंतीवर हवेचा जो दाब पडतो, तो सुमारे ४७ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. उभ्या ट्रेलरवर दिवसभर पाऊस पडूनही जो सांधा कोरडा राहतो, तोच सांधा पावसातल्या तासाभराच्या प्रवासात गळू शकतो, आणि मालकाला वाटते की गळती लहरी आहे.

आत आलेले पाणी सरळ खाली पडत नाही. ते सांगाड्याच्या पट्टीवरून, तारेवरून, प्लायवूडच्या रेषांमधून जिथे उतार मिळेल तिथे जाते आणि प्रवेशापासून दोन-तीन मीटर दूर, एखाद्या कपाटाच्या कोपऱ्यात प्रकट होते. आपल्याकडे स्लॅब गळायला लागली, की ओल दिसते बैठकीच्या खोलीत आणि भेग सापडते गच्चीच्या कठड्याशी. तोच न्याय इथेही लागू पडतो. म्हणून डाग दिसला तिथेच सीलंट थापणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय होय.

मात्र ओल दिसली म्हणजे पावसाचेच पाणी, हेही गृहीत धरू नये. स्वयंपाकाच्या शेगडीत १ किलो प्रोपेन जळला, की रासायनिक समीकरणानुसार सुमारे १.६ लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यात झोपलेल्या माणसांच्या श्वासातील बाष्पाची भर पडते, आणि थंडीच्या रात्री हे सारे बाष्प अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमागच्या गार भिंतीवर थेंबांच्या रूपाने जमते. शंका असेल तर प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा ओलसर भागावर चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. खोलीच्या बाजूला थेंब धरले तर ते दव; मागच्या बाजूला ओल साचली तर ती भिंतीतून येते आहे.

तिसरा संशयित म्हणजे नळजोडणी. टाकीतून पाणी ओढणारा १२ व्होल्टचा पंप सुरू करून सगळे नळ बंद ठेवले, की दाब पूर्ण झाल्यावर तो गप्प व्हायला हवा. रात्रीच्या शांततेत तो मधूनच घुरघुरला, तर दाब कुठेतरी उतरतो आहे. एक तर सांधा गळतो आहे, नाहीतर पंपाची एकदिशा झडप पाणी मागे टाकीत सोडते आहे. प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू कागद गुंडाळून सकाळी कोणता भिजला ते पाहणे, ही यावरची सर्वांत स्वस्त चाचणी. हिवाळ्यात नळ्यांत राहिलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि जोड फोडते. ही फूट वसंतात पंप सुरू करेपर्यंत कळत नाही.

दव नाही, नळही नाही, असे ठरले की ओलमापक हाती घ्यावा. टोकदार सुयांचा मापक लाकडाचा विद्युतरोध मोजतो, कारण लाकडात पाणी वाढले की रोध कमी होतो. कोरड्या ट्रेलरचे लाकूड साधारणपणे १५ टक्क्यांच्या आत असते. २० टक्क्यांच्या वर आकडा गेला, की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला अनुकूल परिस्थिती निर्माण होऊ लागते. सुया नसलेला मापक विद्युतक्षेत्राने पृष्ठभागाखालची ओल टिपतो आणि भोके पाडत नाही, पण भिंतीतली अ‍ॅल्युमिनियमची नळी आली की तोही उगाचच मोठा आकडा दाखवतो. त्यामुळे एकेका आकड्यावर विश्वास न ठेवता भिंतीवर हातभर अंतराने मोजमापे घेऊन ती कागदावर मांडावीत. ओलीचा पट्टा वर जाताना अरुंद होत जातो, आणि त्याच्या वरच्या टोकाजवळ गुन्हेगार असतो.

नेमके भोक शोधण्यासाठी काहीजण बागेच्या नळीने पाणी मारतात. तसे करायचे तर खालून सुरुवात करून एकेका सांध्यावर थोडा वेळ धार धरत वर जावे. वरून सुरुवात केली, तर ओघळणारे पाणी खालचे सगळे सांधे एकदमच भिजवते आणि काहीच सिद्ध होत नाही. माझ्या मते याहून सरस पद्धत उलट्या दिशेने चालते. छतावरच्या झडपेच्या जागी एक पंखा हवाबंद बसवतात, सांडपाण्याच्या वाकड्या नळ्यांत पाणी भरून आणि उरलेली मोठी तोंडे चिकटपट्टीने झाकून आत किंचित जास्त दाब निर्माण करतात आणि मग बाहेरून प्रत्येक कडेवर साबणाचे पाणी फवारतात. अर्थात आतल्या सगळ्या ज्योती त्याआधी विझवलेल्या असाव्या लागतात. जिथे फट आहे तिथे फेसाची बारीक जाळी फुगत वर येते. डोळ्यांना अखंड दिसणाऱ्या सीलंटच्या कडेवर, सुईच्या टोकाएवढ्या जागेतून एकामागून एक बुडबुडे निघताना दिसतात, आणि पावसाची वाट पाहण्याचे कारण उरत नाही.

अनेकदा उत्तर क्षुल्लक निघते. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या बाजूला पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक खाचा मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्या धुळीने बुजल्या, की चौकटीतले पन्हळ तुडुंब भरते आणि पाणी आतल्या बाजूने भिंतीत उतरते. एखादा दक्ष मालक या खाचांनाच गळतीची भोके समजून सीलंटने बंद करतो आणि नसलेली गळती स्वतःच्या हाताने निर्माण करतो.

दुरुस्तीचा पहिला टप्पा वाळवण्याचा असतो आणि तोच बहुतेकांना नकोसा वाटतो. ओल्या लाकडावर भोक बुजवले, तर पाणी आत कोंडले जाते आणि बुरशीची सोयच होते. आतली पट्टी किंवा फळी काढून, पंखा आणि आर्द्रता शोषणारे यंत्र लावून मापकाचा आकडा खाली येईपर्यंत थांबावे लागते, आणि त्याला कित्येक दिवस जाऊ शकतात.

त्यानंतरचे काम एका सूचक दिव्यावर नीट पाहता येते. दिव्याचे दोन गंजलेले स्क्रू काढले, की मागे सुकून भुगा झालेली ब्यूटाइल (मऊ, चिकट रबराची) पट्टी आणि तारेच्या भोकाभोवती काळे पडलेले प्लायवूड दिसते. जुना भरावा प्लास्टिकच्या पात्याने पूर्ण खरवडून जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, नवी ब्यूटाइल पट्टी दिव्याच्या मागे बसवतात आणि कडेने ती थोडी बाहेर येईपर्यंत स्टीलचे नवे स्क्रू आवळतात. ब्यूटाइल रबर वर्षानुवर्षे सहसा कडक होत नाही. दाबाखाली ते हळूहळू पसरत राहते, म्हणून दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा थोडे आवळून बाहेर आलेले कापून टाकतात. मग वरच्या आणि दोन्ही उभ्या कडांवर सीलंटची रेघ ओढतात, खालची कड मात्र उघडी ठेवतात, म्हणजे चुकून आत गेलेल्या थेंबाला बाहेर पडायला वाट राहते. खरे काम मागची पट्टी करते. वरची रेघ तिची राखण करते. केवळ वरून रेघांवर रेघा चढवलेल्या ट्रेलरकडे पाहून मालकाची चिकाटी कळते, पण गळती थांबलेली नसते.

सीलंट कोणते, हा प्रश्न चवीचा नाही. घरगुती सिलिकोनचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रबरी छताला ते धड चिकटत नाही आणि त्याच्या पृष्ठभागाची ऊर्जा इतकी कमी असते, की पुढच्या वेळी त्यावर दुसरे काहीच टिकत नाही, अगदी नवे सिलिकोनसुद्धा. आडव्या छतासाठी आपोआप पसरून सपाट होणारे सीलंट मिळते, जे स्क्रूच्या डोक्यांना पूर्ण वेढते. तेच उभ्या भिंतीवर लावले तर ओघळून जाईल, म्हणून तिथे न ओघळणारा प्रकार वापरावा. ईपीडीएमच्या छतावर पेट्रोलजन्य द्रावके वापरू नयेत, कारण हे रबर हायड्रोकार्बन शोषून फुगते.

कुजलेले लाकूड बदलण्याला पर्याय नसतो. सांगाड्याच्या जुन्या पद्धतीत ते निदान शक्य असते, कारण पत्रा उकलून एकेक पट्टी काढता येते. थर चिकटवलेल्या भिंतीत मात्र प्लायवूड भिजून फायबरग्लासपासून सुटले, की बाहेरून फुगवटा येतो. आत गोंद टोचून, बाहेरून दाबपट्ट्या लावून तो बसवण्याचा प्रयत्न करतात. प्लायवूड शाबूत असेल तरच तो जोड टिकतो, अन्यथा गोंद कुजलेल्या भुशालाच चिकटतो. पूर्ण भिंत बदलण्याचा खर्च जुन्या ट्रेलरच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. म्हणून जुना ट्रेलर घेताना जाणकार माणूस आतली सजावट पाहण्याआधी भिंतीच्या एका टोकाला उभा राहतो आणि तिरप्या उन्हात सबंध लांबीवरून नजर फिरवतो. फुगवटे त्या कोनातूनच दिसतात. मग तो आत जाऊन कोपऱ्यांतली जमीन टाचेने दाबून पाहतो आणि ओलमापक खिशातून काढतो.