ट्रकचा एसी गार करेना: गॅस कमी की कंडेन्सर तुंबलेला?

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, ३.५ टनांहून जास्त एकूण वजनाच्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. इंजिनाच्या धगीत दिवस काढणाऱ्या ड्रायव्हरला हे फार आधी मिळायला हवं होतं. आता एसी आलाय, तर तो नीट चालायलाही हवा. कूलिंग कमी झालं की गॅरेजवर पहिलं वाक्य ठरलेलं: ‘गॅस कमी झालाय, भरून टाकू.’ कधी ते खरं असतं. पण कंडेन्सर तुंबला तरी केबिनमध्ये असाच कोमट वारा येतो, आणि तिथे गॅस भरला तर दुखणं वाढतं.

कंडेन्सरचं काम गॅसमधली उष्णता बाहेर फेकण्याचं. बहुतेक ट्रकमध्ये तो इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा गार करणारा भाग) आणि रेडिएटरच्या पुढे असतो, त्यामुळे रस्त्यावरची धूळ, उसाचं पाचट, कापसाचे तंतू सगळं आधी त्याच्यावर येतं. समोरून कंडेन्सरची जाळी स्वच्छ दिसते म्हणून फसू नका. कंडेन्सर आणि इंटरकूलरच्या मधल्या फटीत बॅटरी मारून बघा, खरा थर तिथे असतो.

पुण्याहून साताऱ्याकडे लोड घेऊन खंबाटकी चढताना इंजिन तापलेलं, वेग कमी, समोरून हवा नाही. अशा वेळी एसी मान टाकतो आणि घाट उतरून सपाट रस्त्याला लागल्यावर पुन्हा गार होतो, तर संशय कंडेन्सरवर किंवा त्याच्यातून हवा खेचणाऱ्या फॅनवर घ्या. फॅनचा क्लच सरकत असला तरी लक्षण हेच. गॅस कमी असेल तर वेग वाढवूनही फारसा फरक पडत नाही. गॅस दाबणाऱ्या कंप्रेसरचा क्लच मात्र थोड्या थोड्या वेळाने टिक-टिक करत लागतो आणि सुटतो, कारण दाब घसरला की स्विच त्याला बंद करतो.

खात्री दाब मोजणाऱ्या गेजवरच होते, आणि दोन्ही बाजूंचे गेज लागतात: कमी दाबाची लो साइड आणि जास्त दाबाची हाय साइड. आर-१३४ए गॅसची तब्येत ठीक असेल तर ३५ अंशांच्या आसपास, इंजिन चालू असताना, लो साइडला साधारण ३० ते ४५ आणि हाय साइडला २०० ते २५० पीएसआय (दाबाचं माप) दिसतो. दोन्ही काटे खाली असले तर बहुधा गॅस कमी. हाय साइड ३०० च्या वर आणि लो साइडही चढलेली असेल तर उष्णता बाहेर पडत नाहीये. इंजिन बंद ठेवून घेतलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नका. त्याच ३५ अंशांना बंद सिस्टीममध्ये ११४ च्या आसपास पीएसआय दिसतो, आणि द्रवरूप गॅस थोडा जरी शिल्लक असला तरी हाच आकडा येतो.

आणखी एक सोपी परीक्षा: गेज लावलेलेच ठेवून कंडेन्सरवर हलक्या धारेने पाणी सोडा. हाय साइड झरझर उतरली आणि वारा गार झाला तर गॅसला हात लावू नका, जाळी धुवा. तीही आतून बाहेरच्या दिशेने आणि कमी दाबाने. प्रेशर वॉशर जवळून मारला की पातळ पाती आडवी होतात आणि हवेची वाट कायमची बुजते.

गॅस खरोखर कमी निघाला तर तो गेला कुठून, हे आधी शोधा. गॅसबरोबर थोडं तेलही झिरपतं. होजच्या क्रिंपवर (रबरी नळी धातूच्या टोकाला दाबून बसवलेल्या जोडावर) किंवा कंप्रेसरच्या पुलीमागे धूळ चिकटून काळपट ओला डाग पडलेला दिसला, तर गळती तिथेच तपासा. ट्रकच्या थरथरीने याच जागा आधी सुटतात. नुसतं टॉपअप केलं तर पुढच्या उन्हाळ्यात ड्रायव्हर पुन्हा घामाने भिजलेला.

टॉपअप करताना गॅस जास्त झाला तरी दोन्ही काटे वर जातात, अगदी कंडेन्सर तुंबल्यासारखे. म्हणून नुकताच गॅस भरून आणलेल्या गाडीत काटे वर दिसले, जाळी स्वच्छ आणि फॅन ठीक असला, तर सगळा गॅस मशीनने काढून घ्या, व्हॅक्यूम करा, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढेच वजनकाट्यावर मोजून भरा.