उपासाच्या ताटातला परका जीन

एकादशीला जालन्यात आमच्याकडे ताट ठरलेलं: भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेलं रताळं, बटाट्याची भाजी, वर राजगिऱ्याचा लाडू. मागच्या एकादशीला मी मावशींना सांगितलं, दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी राजगिऱ्यातला जीन बटाट्यात घातलाय. मावशी म्हणाल्या, "राजगिरा चालतो, बटाटाबी चालतो. मग अडलं कुठं?"

हे काम जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आशिस दत्ता यांच्या गटानं केलं. राजगिऱ्याच्या दाण्यात एक सकस प्रथिन असतं. ते तयार करणारा जीन त्यांनी बटाट्यात बसवला. २०१० मध्ये बटाट्याच्या सात वाणांवरचे निष्कर्ष छापून आले, प्रथिन ६० टक्क्यांपर्यंत वाढलेलं. आकडा भारी वाटतो खरा, पण १०० ग्रॅम बटाट्यात मुळात प्रथिन जेमतेम २ ग्रॅम. ते ३ झालं तरी तुरीच्या डाळीतल्या २२ ग्रॅमपुढं काय! हा बटाटा बाजारात आलाच नाही.

झाडात परका जीन घालायला बहुतेकदा मातीतला एक जिवाणू वापरतात, ॲग्रोबॅक्टेरियम. आपल्या डीएनएचा तुकडा झाडात घुसवून तिथं गाठ आणायची, ही त्याची जुनी खोड. शास्त्रज्ञ गाठ आणणारे जीन काढून टाकतात आणि हवा तो जीन त्या जागी ठेवतात. गंमत म्हणजे त्याच ताटातल्या रताळ्यात या जिवाणूनं हा उद्योग हजारो वर्षांपूर्वीच करून ठेवलाय. २०१५ मध्ये लागवडीतल्या रताळ्यांचे २९१ नमुने तपासले, तर सगळ्यांत त्याचा डीएनए सापडला. उपास काही मोडला नाही.

मग लोक बिचकतात कशाला? अमेरिकेत १९९५ मध्ये बीटी बटाटा आला, म्हणजे बीटी नावाच्या जिवाणूचा कीड रोखणारा जीन घातलेला. ग्राहक नाराज होतील या धास्तीनं चिप्स-फ्राइज विकणाऱ्या कंपन्यांनी तो नाकारला आणि २००१ मध्ये तो गुंडाळावा लागला. आपल्याकडं बीटी वांगं जालन्याच्याच महिको या बियाणं कंपनीचं. २००९ मध्ये अशी पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या समितीनं त्याला हिरवा कंदील दाखवला, ९ फेब्रुवारी २०१० ला सरकारनं थांबवलं. बीटी कापूस मात्र २००२ पासून रानात आहे. त्याच्या सरकीचं तेल माणसं खातात, पेंड म्हशी खातात, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. तेल शुद्ध करताना त्यातलं प्रथिन आणि डीएनए जवळपास निघून जातात, हे खरं. पण कुणी गप्प आहे ते हे माहीत असल्यामुळं, असं मला वाटत नाही.

मावशींचा राग जीनवर नव्हताच. "कपाशीचं बी दरसाल इकत घ्यावं लागतंय, बोंडअळी हायेच. या बटाट्याचं बेणं घरचं ठेवता येईल का?"

कपाशीचं बी दरवर्षी घ्यावं लागतं ते वाण संकरित असल्यामुळं. पुढच्या पिढीत झाडं एकसारखी निघत नाहीत. बोंडअळीचं म्हणणं मात्र खरंच, गुलाबी अळी बीटीला सरावली आहे. बटाट्याचं गणित वेगळं. डोळा असलेली फोड लावली की तेच झाड पुन्हा उगवतं, घातलेल्या जीनसकट. फक्त घरच्या बेण्यात वर्षागणिक विषाणू साठत जातात. तेवढं ऐकून मावशींनी ताटातला बटाटा उचलला आणि बोटांत फिरवून पाहिला.